पत्त्यांचा साज

आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही सॅक्रिस्टीत जांभळे मिस्सावस्त्र उतरवीत होतो. आमचा एक वेदीसेवक, सांगलीच्या शाळेत नववीत शिकणारा, मोबाईल पुढे करीत म्हणाला, "फादर, हे बघा, काल मिळालं." पडद्यावर पत्त्यांच्या खेळातील एक पत्ता होता. त्यातील योद्धा चौकटीबाहेर झेपावत होता आणि त्याच्यामागे सोनेरी झळाळी हलत होती.

"याने डाव जिंकता येतो का?" आम्ही विचारले.

"नाही. पत्ता तोच आहे, फक्त दिसतो वेगळा."

"मग उपयोग काय?"

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग आमच्या हातातील वस्त्राकडे पाहून म्हणाला, "फादर, तुम्ही पण कधी हिरवं घालता, कधी जांभळं. मिस्सा तर तीच असते ना?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या कलेवर आमच्या घराघरांतील मुलांची नजर खिळलेली आहे, तिला न पाहताच निरर्थक ठरविणे हे समीक्षेचे लक्षण नव्हे. म्हणून आम्ही 'मार्व्हल स्नॅप' हा त्याचा खेळ समजून घेतला आणि त्यातील चित्रे सावकाश पाहिली.

२०२२ च्या ऑक्टोबरात निघालेल्या या खेळात प्रत्येक खेळाडूजवळ बारा पत्त्यांची जुडी असते. तीन जागा आणि बहुधा सहा फेऱ्या, एवढ्यात डाव संपतो. पत्त्यावरची व्यक्तिरेखा, तिचे बळ आणि तिचा गुण ठरलेला असतो. बदलते ते चित्र. एकाच पत्त्याची निरनिराळ्या चित्रकारांनी काढलेली रूपे मिळतात. इतर खेळांत मुले त्यांना 'स्किन' म्हणतात, येथे 'व्हेरिअंट' म्हणतात. आम्ही त्याला साज म्हणू.

यातील काही साज खरोखर चांगले आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. डॅन हिप या चित्रकाराची सपाट रंगांतील खेळकर रूपे पाहावीत. मोजक्या आकारांत तो व्यक्तिरेखेचा स्वभाव पकडतो. काही रूपांत प्रबळ योद्धे बाळाच्या वेषात येतात आणि बळाच्या गर्वाला हसू फुटते. काही रूपे जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखी चौकोनी ठिपक्यांनी रचलेली आहेत. येथे साज हा एक प्रकारचा अन्वयार्थ आहे. एकच अभंग दोन गायकांनी गावा आणि दोन्ही वेळा नवे काही कळावे, तसे हे आहे.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने अलंकार आणि अलंकार्य असा भेद केला. अलंकाराने शोभा यायची ती मुळात असलेल्या कशाला तरी. या कसोटीला उतरत नाहीत ते दुसऱ्या प्रकारचे साज. पत्ता सजावटीच्या शेवटच्या पायरीला पोहोचला की त्याची आणखी एक प्रत निघते आणि तिला सोनेरी वर्ख, शाईची छटा किंवा ठिणग्यांची उधळण असे काहीतरी नशिबाने चिकटते. कोणत्या पात्राला काय शोभते याचा विचार त्यात नाही. सौम्य स्वभावाच्या पात्राला ज्वाळा आणि क्रूराला फुलबाज्या, असेही घडावयाचे. येथे चित्रकाराचा हात थांबतो आणि सोडत सुरू होते. या झळाळीची किंमत ती दुर्मीळ आहे एवढ्यावरच ठरते.

तरीही आमचा 'उपयोग काय' हा प्रश्न चुकलाच होता. सातारा-सांगलीकडचा शेतकरी आषाढातल्या बेंदराला बैलाची शिंगे रंगवितो, पाठीवर झूल घालतो, गोंडे बांधतो. त्याने बैल अधिक नांगरट करीत नाही, आणि करावी अशी धन्याची अपेक्षाही नसते. वर्षभर राबलेल्या जनावराचे ऋण तो रंगाने फेडतो. निरुपयोगी साजाला असा अर्थ असू शकतो. मात्र तो साज कशाचे ऋण मानतो, हे विचारावे लागते.

पत्त्यांच्या साजाची हौसही नवी नाही. सावंतवाडीची गोल गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा संच आणि प्रत्येक संचात राजा, प्रधान व एक ते दहा. धनिकांसाठी हस्तिदंतावर रंगविलेले पत्ते होत, सामान्यांसाठी कागदाचे वा कापडाचे. नियम तेच, साज मात्र ऐपतीप्रमाणे. पण तेथे चित्र खेळाशी बांधलेले होते. डाव दिवसा मांडला तर प्रारंभाचा मान रामाकडे, रात्री मांडला तर कृष्णाकडे. ही कला लोपत चालली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिला नवे आयुष्य दिले. आज हे संच घेणारे पुष्कळजण ते खेळण्याऐवजी दिवाणखान्यात मांडतात. म्हणजे साजासाठी साज जमविण्याचा दोष केवळ मोबाईलवाल्या पोरांच्या माथी मारता येणार नाही.

तरी एक मोठा फरक उरतो. गंजिफेचा संच विकत घेतलेला माणूस तो लेकीला देऊ शकतो, शेजाऱ्याला उसना देऊ शकतो. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कागदी पत्त्यांचा खेळ आला, तेव्हा पत्त्यांची अदलाबदल हा त्याचा प्राण होता. 'स्नॅप'मध्ये एकही पत्ता मित्राला देता येत नाही. शिवाय त्यात साज वाढविला की संग्रहाची पातळी वाढते आणि त्या वाटेवर नवे पत्ते मिळतात. शोभा ही अशा रीतीने शिडी बनते. आणि हा संग्रह तरी कोणाचा? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत टिकटॉकवरील कायदा लागू होताना त्याच मालकीच्या प्रकाशकाकडे असलेला हा खेळही तेथे बंद पडला. काही दिवसांत तो परतला हे खरे. पण तोवर पैसे मोजून जमविलेली चित्रे पाहण्याचीही सोय तेथील खेळाडूंना नव्हती.

कागदही टिकत नाही, हे कृष्णेकाठच्या आम्हां लोकांना कोणी सांगावयास नको. २०१९ च्या महापुरात किती घरांतील छायाचित्रांचा लगदा झाला! म्हणून टिकाऊपणा ही आमची कसोटी नाही. साताऱ्याच्या औंध गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधी या चित्रकार राजाने आयुष्यभर चित्रे व शिल्पे जमविली आणि १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभारले. हेन्री मूर यांचे माता व बालकाचे शिल्प तेथे आजही खेड्यातला कोणीही माणूस पाहू शकतो. संग्राहकाने गोळा केलेले शेवटी दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते काय, ही आमची कसोटी.

आता त्या मुलाचे उत्तर. मिस्सावस्त्र आमचे नाही, धर्मग्रामाचे आहे. उद्या दुसरे फादर आले तर तेच घालतील. जांभळा रंग आमची शोभा वाढवीत नाही. वाट पाहण्याचा काळ आला आहे, एवढेच तो मागच्या बाकावरच्या आजीलाही सांगतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्याला हे सांगितले आणि आमच्या पहिल्या प्रश्नाऐवजी दुसरा विचारला: "तुझ्याकडच्या सगळ्यांत तुला आवडतं कोणतं?" त्याने सोनेरी पत्ते मागे सारले आणि चौकोनी ठिपक्यांचे एक साधे रूप काढले. "बाबा म्हणतात, त्यांच्या लहानपणी गेम असेच दिसायचे. मी त्यांना हे दाखवतो." आम्ही त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि ते चित्र नीट पाहिले.