बुद्धिवाचक मराठी शब्द : 'विवेक' ते 'हुशारी'

मराठीत बुद्धिवाचक शब्द विपुल असले, तरी ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. या दृष्टीने बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची ग्रंथपरंपरा उद्बोधक ठरते. मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नावच 'विवेकसिंधु' आहे. त्याचा काळ परंपरेने शके १११० मानला जातो. दासोपंतांनी (१५५१-१६१५) पासोडीवर पंचीकरण लिहिले. वेदान्ताच्या या परिभाषेत मन संकल्प-विकल्प करते, बुद्धी निश्चय करते. म्हणजेच बुद्धी हा माहितीचा साठा नसून निर्णयाची शक्ती होय.

फारसीमार्गे आलेल्या 'अक्कल', 'हुशार' या शब्दांनी व्यवहारज्ञान व सावधपणा या छटांची भर घातली. लोकभाषेने बुद्धीला देहात स्थान दिले : डोके चालते, तेच रागाने फिरते, अक्कल गुडघ्यात असते. 'सुपीक डोके' ही स्तुती बहुधा उपहासानेच केली जाते. 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण तर शहाणपणाचीही मर्यादा दाखविते.

आज मात्र टक्केवारीवरून विद्यार्थ्याला 'हुशार' ठरविताना हे भेद पुसले जातात. स्मरणशक्तीला गुण मिळतात, विवेक अनुल्लेखित राहतो. शब्दार्थाचा हा संकोच अंतिमतः मूल्यमापनाचाच संकोच आहे. म्हणून तो केवळ भाषाभ्यासकांच्या चिंतेचा विषय राहत नाही.