पायाखालची जन्नत आणि बुलढाण्याचा सवाल

आमच्या वार्षिकांत आणि ईद विशेषांकांत एक विषय कधी चुकत नाही. तो म्हणजे आई. कवितांचा गठ्ठा उघडला की अम्मीवरची कविता हमखास सापडते. तिचा विटलेला पदर, तिची जागरणे, चुलीचा धूर, जानमाजवर टिपलेले आसू आणि शेवटच्या ओळीत तिच्या पायाखालची जन्नत. या कविता खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही त्या लिहिल्या आहेत, आणि मुशायऱ्यात त्यांना दादही घेतली आहे. पण अशा पुष्कळ कविता एका बैठकीत वाचल्या की एक गोष्ट खटकू लागते. या कवितांतली आई कधी बोलत नाही. चुलीच्या धुराने कवीचे डोळे पाणावतात, पण चुलीपुढून तिला उठवून तो स्वतः बसत नाही. तिचे कष्ट त्याने पाहिलेले असतात. ते कोणामुळे वाट्याला आले, हे मात्र तो विचारत नाही.

हा प्रश्न मराठीत विचारला गेला नाही असे नाही. तो १८८२ साली विचारला गेला, आणि तोही पुण्या-मुंबईच्या बाईने नव्हे, आमच्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे होते, कारभार इंग्रजांचा. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासदही. मुलीला त्यांनी घरीच शिकवले. त्या मुलीने 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक लिहायला निमित्त झाले ते मातृत्वाचेच, ही गोष्ट आमच्या लक्षात सहसा राहत नाही. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवा असताना तिला दिवस गेले आणि बेअब्रूच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारले. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळली, तरी शिक्षा टळली नाही. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून तमाम स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी त्या चिखलफेकीला उत्तर दिले. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण त्या एकेक करून घेतात आणि हाच दुर्गुण पुरुषात किती पट आहे, हे दाखवून देतात. नवऱ्याला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागावे, असा त्यांचा रोकडा हिशेब आहे. त्यांचा रोख सरळ आहे: मूल एकटीचे नव्हते, मग फास एकटीच्याच गळ्यात का?

येथे आमच्या कवितांकडे परत पाहावे. त्या काळचे वर्तमानपत्र विजयालक्ष्मीला राक्षसीण म्हणत होते आणि आमची कविता अम्मीला फरिश्ता म्हणते. दोन्ही शब्द वरवर उलटे दिसतात, पण काम एकच करतात. राक्षसिणीचे म्हणणे कोणी ऐकत नाही आणि फरिश्त्याला भूक, झोप, राग, दमणे नसते. दोन्हीकडून बाप सुटतो. नवरा म्हणून सुटतो, मुलगा म्हणूनही सुटतो. मातृत्वाच्या गौरवाआड लपलेली पुरुषाची सवलत म्हणतात ती हीच.

याच बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे. त्याला मातृतीर्थ म्हणतात. १२ जानेवारीला तेथे जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखोंचा मेळा भरतो. जिजाऊंनी उजाड झालेले पुणे वसवले, जहागिरीचा कारभार पाहिला, न्यायनिवाडे केले. तरी भाषणांतून त्यांची ओळख एकच उरते, शिवबाची आई. लाखुजी जाधवांची ही लेक आई झाली नसती, तर तिच्या कर्तबगारीला आपण किती जागा दिली असती? एका जिल्ह्यात एक मातृतीर्थ आहे आणि त्याच जिल्ह्यात मूल नसलेली ताराबाई आहे. पहिलीची जयंती होते. दुसरीच्या पुस्तकावर टीकेचा गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली, पण तिने दुसरे पुस्तक लिहिले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुस्तक पुन्हा छापेपर्यंत ते विस्मरणातच होते. मूल नसलेल्या बाईला आमच्या मोहल्ल्यांत आणि वाड्यांत कोणत्या शब्दाने ओळखतात, ते येथे लिहायची गरज नाही. मातृत्वावरचा मराठीतला इतका रोखठोक सवाल अशाच एका बाईने विचारला, हे मात्र लिहिले पाहिजे.

ताराबाई समीक्षकही होत्या. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्या जातात, याचाही त्यांनी समाचार घेतला. पुस्तकातली बाई आणि घरातली बाई यांचा मेळ घालून पाहण्याची त्यांची ही रीत आम्ही घेतली असती, तर आमची समीक्षा एवढी भाबडी राहिली नसती.

आमच्यातले काही जण म्हणतील, हे विचार परके आहेत, आपल्या घरांत आईचा मान मोठा आहे. मान मोठा आहे हे खरेच. पण आपल्याच घरातल्या लेखिकेने काय लिहून ठेवले ते पाहावे. १९३२ साली लखनौहून 'अंगारे' निघाले आणि १९३३ मध्ये ते जप्त झाले. त्यात डॉ. रशीद जहाँ यांची 'पर्दे के पीछे' ही नाटिका आहे. सततच्या बाळंतपणांनी खंगलेली एक शरीफ घराण्यातली बेगम दुसरीला आपली कहाणी सांगते. मुलांना पाजायला दाई लागते, कारण नवऱ्याला बायको मोकळी हवी. रशीद जहाँ स्वतः स्त्रियांच्या डॉक्टर होत्या. ही बाई त्यांनी दवाखान्यात पाहिलेली असणार. या आईच्या पायाखाली जन्नत आहे म्हणून तिचे दुखणे थांबत नाही.

पण वाचकाने आणखी एक पाऊल पुढे जावे. बेगमच्या घरी जी दाई आली, तिचे स्वतःचे मूल कोणाचे दूध पीत होते? बाईच्याही वाट्याला सवलती असतात आणि त्या दुसऱ्या बाईच्या जिवावर असतात. ताराबाईंना शिकवणारा बाप होता, घरात पुस्तके होती, नवरा घरजावई म्हणून आल्याने सासुरवास नव्हता. म्हणून लेखणी हाती आली. त्याच बुलढाण्याच्या शिवारात झाडाला झोळी बांधून कापूस वेचणाऱ्या आईला ती मिळाली नाही, आजही सहजी मिळत नाही. यामुळे ताराबाईंचा सवाल लहान होत नाही. पण तो पुरुषापाशी संपतही नाही. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या खालाच्या मुलांची चौकशी आमच्या कोणत्या कवितेत आहे?

फुल्यांच्या सत्यशोधकाचे नाव घेऊन १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. हमीद दलवाईंच्या विचारांशी कोणाचे पटो न पटो, मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' मात्र प्रत्येकाने वाचावे. नवरा चळवळीत आणि नोकरी करून घर चालवणारी बायको, हा हिशेब त्यात कटुतेशिवाय आला आहे. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ चे. आई होण्यातली दमछाक आणि एकटेपण इतक्या उघडपणे मांडणारी आत्मकथा मराठीत विरळा. तरी आमच्यात चर्चा झाली ती तिच्या नवऱ्याचीच जास्त.

आता स्वतःकडे बोट दाखवावे लागेल. लेखिकेच्या परिचयात आम्ही 'संसार आणि मुले सांभाळून लेखन' असे कौतुकाने छापतो. लेखकाच्या परिचयात हे वाक्य आम्ही कधी छापले नाही. त्याचा संसार कोण सांभाळते, हे ठाऊक असूनही. तिच्या कवितेला 'प्रामाणिक अनुभव' म्हणून वाटेला लावतो आणि त्याच्या कवितेत 'चिंतन' शोधतो. संमेलनात मातृत्वावर परिसंवाद रंगतो तेव्हा व्याख्यात्यांची मुले कोणाच्या मांडीवर झोपलेली असतात?

आपल्यात मरणशय्येवरच्या आईकडून दूध बख्शून घेतात. दुधाचे ऋण मोठे, हे आपण मानतो. पण दुधाबरोबर तिने भाकरी थापल्या, धुणी धुतली, शाळा सोडली, कविता अर्ध्यावर टाकली. ते बख्शून घ्यायची रीत नाही, कारण ते कर्ज आहे हेच आपण मान्य केलेले नाही. अम्मीवर कविता जरूर लिहाव्यात. आमची मागणी एवढीच, की पुढच्या कवितेत तिने एकदा तरी बोलावे, आणि ती बोलत असताना कवीने चुलीपुढे बसावे.