टिकाऊ माल आणि आपण

राहूच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : पूर्वीच्या वस्तू टिकायच्या, आता कंपन्या मुद्दाम मोडका माल काढतात. वाक्याचा दुसरा भाग खरा आहे. १९२४ साली बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची टोळी बांधली. बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं. जास्त टिकणारा बल्ब काढील त्या कारखान्याला दंड!

व्हान्स पॅकार्डचं ‘द वेस्ट मेकर्स’ (१९६०) असल्याच लबाडीवर आहे. तो तीन प्रकार सांगतो. नवी वस्तू जास्त काम करते म्हणून जुनी बाद, लवकर मोडते म्हणून बाद, आणि धडधाकट असून मनातून उतरते म्हणून बाद. पुस्तक वाचाच. पण त्याचा माणूस म्हंजे गिऱ्हाईक. माझा प्रश्न पुढचा आहे : फेकलेलं उचलतं कोण?

आधी ‘पूर्वी टिकायचं’ हे बघू. का टिकायचं? मोटेची, वहाणेची दुरुस्ती बलुत्यात. सालाचं धान्य ठरलेलं. मोट दहादा उसवली तरी चांभारानेच शिवायची, वेगळा दाम नाय. मग तो पहिल्यांदाच घट्ट शिवणार. दुरुस्तीचं ओझं त्याच्या पाठीवर होतं, म्हणून माल टिकत होता. (आमचा आजा धान्यासाठी खळ्यावर ताटकळायचा. त्याला ‘स्वयंपूर्ण खेडं’ म्हणणारे प्राध्यापक मी ऐकलेत.) महार वतनातल्या असल्याच बेहिशेबी राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं होतं. तेव्हा जुन्या टिकाऊपणाच्या आरत्या आपण तरी गाऊ नयेत.

बरं, टिकाऊपणा आजही अशक्य नाय. आमच्या ऊसपट्ट्यात पाण्याची मोटार जळली की तांब्याची तार नव्याने भरतात, मोटार पुन्हा पाणी ओढते. माझ्या मोबाइलची बॅटरी फुगली, तर ती आत चिकटवलेली. काढताना पडदाच फुटला. गेला भंगारात.

भंगारात म्हंजे कुणाच्या हातात? पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुतेक बाया, आणि बहुतेक आपल्याच जातींतल्या. टिकाऊ माल आपण दाम न घेता शिवत होतो, मोडका माल आपणच निवडतो.

२०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या हे तिचे विषय. मागणी रास्त आहे, आपण तिच्यामागे उभं राहावं. मात्र सुटे भाग मागताना, भंगार निवडणाऱ्या बाईची मजुरी कंपनीने द्यावी, हेही त्याच अर्जात लिहा.