पाद्री आणि राजकारण : कुन्हा रिव्हारा यांचा १७८७ च्या कटावरील ग्रंथ

गोमंतकांतील पाद्र्यांनीं राजकारणांत हात घातल्याचें ठळक उदाहरण म्हणजे १७८७ चा पिंटोंचा कट होय. पोर्तुगीज सत्ता उलथविण्याच्या या मसलतीवरील कुन्हा रिव्हारा यांचा ग्रंथ १८७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें इंग्रजी भाषांतर १९९६ सालीं निघालें. गव्हर्नर-जनरलचे चिटणीस या नात्यानें ग्रंथकारास सरकारी दफ्तर खुलें होतें, हें ग्रंथाचें बळ होय; आणि आमच्या मतें त्याचें वैगुण्यही तेंच. चौकशीचे कागद फिर्यादी सरकारनेंच तयार केलेले; कैद्याचा जबाब म्हणजे स्वखुशीची साक्ष नव्हे.

कुतु व गोन्साल्विश हे पाद्री लिस्बनला वरिष्ठ धर्मपदें मागण्यास गेले व विन्मुख झाले. एवढ्यावरून कटाचें मूळ पदलोभांत आहे, असा निर्णय देणें आम्हांस मान्य नाहीं. पाद्रुआदोच्या हक्कानें बिशपांची निवड पोर्तुगालच्या राजाकडे होती. अर्थात् देशी पाद्र्यास डावलणें हीच राज्यकारभाराची बाब ठरते. मग तिजविषयींची तक्रार केवळ खासगी कशी म्हणावी?

शिक्षेंतील भेदही विचारणीय आहे. १७८८ त पंधरा गृहस्थांस देहान्त शासन झालें. पकडलेल्या पाद्र्यांस मात्र लिस्बनला पाठवून कैदेंत ठेविलें. धर्मवस्त्रानें प्राण वांचले, परंतु आरोप टळला नाहीं.

सबब, आरोपींच्या घराण्यांतील पत्रें कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यांनीं तीं उजेडांत आणावीं. एका पक्षाच्या दफ्तरावरून निकालपत्र लिहितां येतें. इतिहासास दोन्ही पक्ष लागतात.