‘खांबविरहित’ आणि ‘निराधार’ : गोल घुमटाच्या वर्णनांची चिकित्सा

विजापूरच्या गोल घुमटाविषयी मराठीत आणि उर्दूत जी वर्णने नेहमी वाचावयास मिळतात, त्यांत एक विधान हमखास असते : एवढा प्रचंड घुमट ‘कोणत्याही आधाराशिवाय’ उभा आहे. मराठीत ‘निराधार’, क्वचित ‘अधांतरी’. उर्दूत ‘बेसहारा’ किंवा ‘मुअल्लक’. सहलीच्या माहितीपत्रकांतून हे शब्द विद्यार्थ्यांच्या निबंधांत उतरतात आणि तेथून स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत जातात. प्रस्तुत लेखात या एका विधानाची तपासणी करावयाची आहे. वास्तूचे कौतुक कमी करण्याचा हेतू नाही. उलट, हे कौतुक चुकीच्या जागी पडते, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. फारसीत ‘सुतून’ म्हणजे खांब. ‘बेसुतून’ म्हणजे खांब नसलेले. गोल घुमटाच्या दालनात मधे एकही सुटा खांब नाही, म्हणून ‘बेसुतून’ किंवा ‘खांबविरहित’ हे वर्णन अचूक आहे. परंतु खांब नसणे आणि आधार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला शब्द बांधकामाची पद्धत सांगतो, दुसरा चमत्कार सांगतो. चमत्कार म्हटला की ‘कसे’ हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही, आणि शिक्षकाचे काम तर नेमके त्याच प्रश्नापासून सुरू होते.

आता वास्तूकडे वळू. मुहम्मद आदिलशहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६) ही कबर. आतील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे ४१ मीटर आहे. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर, बाहेरील सुमारे ४४ मीटर. म्हणजे घुमटाच्या कवचाची जाडी साधारण ३ मीटर. भिंती दगडी, त्याही ३ मीटरच्या आसपास जाड. घुमट मात्र विटांचा आणि चुन्याचा.

या आकड्यांवरून एक ढोबळ हिशेब करता येतो. घुमट अर्धगोल मानला तर त्याचे घनफळ सुमारे ८ हजार घनमीटर येते, आणि वीटकामाचे वजन घनमीटरला १.८ टन धरल्यास एकूण भार सुमारे १४ हजार टन. हा भार खाली ज्या वर्तुळाकार कड्यावर उतरतो, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८५ चौरस मीटर आहे. भागाकार केला तर एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ४ किलो दाब पडतो. आजच्या भारतीय मानकांतील सर्वांत कमी प्रतीच्या विटेकडूनही याच्या आठ-नऊ पट दाबशक्तीची अपेक्षा असते. सारांश, सामग्री चिरडली जाण्याचे भय येथे नव्हतेच. खरा प्रश्न दोन ठिकाणी होता : चौरसावर वर्तुळ बसवायचे कसे, आणि घुमटाचा बाहेरच्या दिशेचा रेटा अडवायचा कसा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कमानींत आहे. प्रत्येक भिंतीशी दोन, अशा आठ ठिकाणी कमानींचे पाय टेकले आहेत. एकेका ठिकाणाहून दोन कमानी निघतात. अशा एकूण आठ कमानी परस्परांना छेदतात. नकाशात पाहिले तर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन चौरस दिसतात आणि त्यांच्या मध्ये अष्टकोन तयार होतो. दालनाच्या मध्यापासून कोपरा २९ मीटरवर आहे, तर घुमटाचे कडे २२ मीटरवरच संपते. म्हणजे कोपऱ्यात कड्याखाली भिंत मुळीच नाही. तेथला भार कमानी आणि त्यांच्यामधले आत झुकलेले बांधकाम पेलते. भिंतींच्या मध्यावर मात्र कड्याचा बाहेरचा भाग थेट भिंतीच्या माथ्यावर येतो. आधार नाही असे कोठेच नाही; तो फक्त मधल्या जमिनीवरून उचलून कडेला नेला आहे.

ज्या सज्ज्यात उभे राहून विद्यार्थी प्रतिध्वनी ऐकतात, तो या रचनेचाच परिणाम होय. अष्टकोनाच्या कडेपासून घुमटाच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत जी सुमारे साडेतीन मीटरची जागा उरते, तोच हा सज्जा. आवाजाचे वर्णन पानभर करून ही गोष्ट वगळणारे लेखन अपुरे म्हणावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे रेट्यावर, जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात विचार केला. परस्परांना छेदणाऱ्या कमानींमुळे आतल्या बाजूस बांधकामाचे मोठे वजन साचते, ते आतल्या दिशेने काम करते आणि घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला तोलून धरते, असे त्याचे मत. पुढील अनेक वर्णने याच मताची उजळणी करतात. त्याने ‘कसे’ हा प्रश्न विचारला, हे त्याचे मोठेपण. तरीही हे उत्तर पुरे नाही. वजन जणू तराजूच्या पारड्यासारखे आत ओढते, असे चित्र त्यातून उभे राहते. पण दगड-चुन्याच्या सांध्यांत ओढ सहन करण्याची शक्ती फारच थोडी असते. असे बांधकाम दाबावर जगते. वजनाचा खरा उपयोग असा, की तिरपा रेटा त्याच्यामुळे अधिक उभा होतो आणि भिंतीच्या जाडीच्या आत राहून पायापर्यंत पोहोचतो. शिवाय छेदणाऱ्या कमानी मिळून एक बंद कडे तयार होते, तेही रेटा वाटून घेते. जाड भिंती आणि चारही कोपऱ्यांचे बुरूज यांचे श्रेय फर्ग्युसनच्या स्पष्टीकरणात मागे पडते. रेट्याचा प्रश्न किती कठीण असतो, याची साक्ष रोममध्ये मिळते. सेंट पीटरचा घुमट व्यासाने याहून थोडाच मोठा; त्याला तडे गेल्यामुळे १७४० च्या दशकात लोखंडी कडी घालावी लागली.

येथे आपल्या भाषेतला एक शब्दही नीट उलगडून सांगण्यासारखा आहे. ‘कमान’ म्हणजे मूळ फारसीत धनुष्य. आकार सारखा म्हणून नाव आले, पण वागणूक उलटी आहे : धनुष्य दोरीच्या ताणावर वाकलेले राहते, दगडी कमान दाबावर उभी राहते. ‘इमारत’, ‘कमान’, ‘घुमट’ हे शब्द उर्दू-मराठीचे सामाईक धन आहेत, असे आपण भाषेच्या तासाला सांगतो. त्यांच्यामागची विद्याही सामाईक आहे. तीही त्याच तासाला सांगता येईल.

हा केवळ शब्दांचा वाद आहे काय? मला तसे वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडी घरांखाली दबून गेली. त्या भिंतीही जाड होत्या. परंतु आतला व बाहेरचा थर जोडणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते, सांधे मातीचे होते, आणि वर माळवदाचे भारी ओझे होते. दोन्ही थर सुटे झाले आणि घरे कोसळली. त्यानंतर ‘दगडच वाईट’ अशी समजूत गावोगाव पसरली. गोल घुमट ‘चमत्काराने’ उभा आहे ही समजूत आणि किल्लारीची घरे ‘दगडाने’ पडली ही समजूत, यांचे मूळ एकच आहे : भार कोठून कोठे जातो, हे न पाहणे. जाडी म्हणजे बळ नव्हे. बळ सांध्यात, बांधणीत आणि भाराच्या वाटेत असते. बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांत आजही भारवाही भिंतीला मोठे दार पाडताना वर काय उभे आहे हे पाहिले जात नाही, तेव्हा याच अज्ञानाची किंमत घरातल्या माणसांना मोजावी लागते.

म्हणून अध्यापक बंधुभगिनींना एक साधी विनंती. विजापूरच्या सहलीनंतर लिहून घेतलेल्या निबंधात ‘निराधार’ हा शब्द आला तर तो खोडून ‘खांबविरहित’ लिहावा, आणि समासात एक प्रश्न टाकावा : मग भार कोठे गेला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्याला कोपऱ्यातल्या कमानींकडे मान वर करून पाहावे लागेल. त्या बांधणाऱ्यांचे खरे कौतुक तेथूनच सुरू होते.