शरीराची साक्ष आणि निरपराध माणूस

रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळची करमणूक, असे मानण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके वडीलधाऱ्यांची नजर चुकवून वाचणारेच पुढे साहित्यचर्चेत त्यांचे नाव काढीत नाहीत. ही रीत किती उणी आहे, हे दाखवणारी एक जपानी कथा आम्ही नुकतीच पुन्हा वाचली.

एदोगावा रांपो (१८९४–१९६५) यांची 'मानसशास्त्रीय चाचणी' ही कथा १९२५ सालची. एडगर ॲलन पो या नावाचा जपानी उच्चार म्हणजेच लेखकाचे हे टोपणनाव. फुकिया हा बुद्धिमान पण निर्धन विद्यार्थी एका धनवान वृद्धेचा खून करतो. तिने आपली रोकड एका कुंडीत दडवली आहे, हे त्याला साइतो या मित्राकडून कळलेले असते. साइतो तिचाच भाडेकरू. दोस्तोयेव्हस्कीचा रस्कोलनिकोव्ह येथे आठवल्यावाचून राहत नाही. मात्र त्याला अंतःकरण छळते, फुकियाला केवळ पकडले जाण्याची धास्ती आहे.

तपास करणारे न्यायाधीश दोघांची शब्दचाचणी घेतात. एकेक शब्द उच्चारायचा, मनात प्रथम येणारा शब्द सांगायला लावायचा आणि उत्तराला लागलेला वेळ मोजायचा. गुन्ह्याशी निगडित शब्दापाशी अपराधी अडखळेल, हा कयास. फुकिया घरी तालीम करून येतो. साइतो घाबरून अडखळतो. म्हणजे यंत्र निरपराधाकडे बोट दाखवते! अकेची हा गुप्तहेर मात्र उलट वाचन करतो. फुकियाची धोक्याच्या शब्दांना दिलेली उत्तरे साध्या शब्दांपेक्षाही जलद आहेत. पुढे गप्पांच्या ओघात तो वृद्धेच्या घरातील चित्रित पडद्याचा विषय काढतो. तो पडदा खुनाच्या आदल्या दिवशीच त्या घरात आलेला असतो आणि त्यापूर्वीच आपली तेथील शेवटची भेट झाली, असे फुकिया सांगत आलेला असतो. पडदा पाहिल्याचे कबूल करताच तो अडकतो.

आमच्या मते कथेचे खरे मोल या पडद्यात आहे. शरीर खोटेपणा उघड करीत नाही, ओळख उघड करते, हे तत्त्व डेव्हिड लिक्केन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली शास्त्रीय रूपात मांडले. संशयिताला 'तू खून केलास का?' असे विचारायचे नाही. त्याच्यापुढे पाच पर्याय ठेवायचे, त्यांतील एकच खरा. तळहाताचा घाम प्रत्येक वेळी खऱ्याच पर्यायाला वाढला, तर संशय बळावतो. पाच पर्यायांचे सहा प्रश्न घेतले, तर केवळ योगायोगाने सहाही वेळा तसे घडण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक. अट मात्र कडक आहे: तो तपशील अपराधी आणि तपास अधिकारी यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नसावा.

ही कसोटी लावली की न्यायाधीशांची चाचणी कोसळते. कुंडी आणि रोकड साइतोला आधीपासूनच ठाऊक. प्रेतही त्यानेच प्रथम पाहिलेले. त्याचे दचकणे ज्ञानाचे होते, अपराधाचे नव्हे. पडदा मात्र फुकियाने पाहिलेला असण्याचे निरपराध कारणच नव्हते. लिक्केनपूर्वी चौतीस वर्षे रांपोंनी हा भेद कथेतून दाखवावा, याचे आम्हाला कौतुक वाटते. जपानचे पोलीस अशी चाचणी आजही प्रत्यक्ष तपासात नियमित वापरतात.

तरीही आमची एक तक्रार आहे. अकेचीच्या विजयाच्या भरात लेखक साइतोला विसरतात. घाबरट स्वभावामुळे जो फासाच्या जवळ पोहोचला, त्याचे पुढे काय झाले, याची कथेला पर्वा नाही. भित्रा माणूस हा येथे चलाख माणसाची उंची मोजण्याची पट्टी ठरतो. वाङ्मयीन दृष्ट्या हे न्यून आहेच. नैतिक दृष्ट्या ते त्याहून मोठे आहे.

हा प्रश्न परदेशी राहिलेला नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष इतर पुराव्यांबरोबर ग्राह्य धरला होता. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कर्नाटकातून आलेल्या सेल्वी खटल्यात, अशी चाचणी संमतीवाचून घेता येणार नाही, असा निर्णय दिला. रांपोंनी साइतोला वाऱ्यावर सोडले. न्यायालयाने त्याच्यासारख्याची बाजू घेतली. ही कथा वाचकांनी अवश्य वाचावी, पण शेवटचे पान मिटताना अकेचीची नव्हे, साइतोची आठवण ठेवावी.