विजयाची रोजनिशी आणि लिप्पेचे मतदार

रोजनिशी हा वाङ्मयप्रकार वाचकाचा विश्वास फार स्वस्तांत मिळवितो. इतिहासकारानें पुरावा द्यावा, चरित्रकारानें साक्ष काढावी, अशी अपेक्षा आपण ठेवतों. परंतु रोजनिशीकारानें नुसती तारीख घातली कीं पुढील मजकूर त्याच रात्रीं दिव्याजवळ बसून लिहिला असला पाहिजे, असें आपण मानून चालतों. या विश्वासाचा उपयोग किती दूरवर करतां येतो हें पाहावयाचें असेल, तर योझेफ गोबेल्सचें १९३४ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘काइझरहोफपासून चान्सलर-निवासापर्यंत’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक, आणि त्यांतहि लिप्पेच्या निवडणुकीचीं पानें, लक्षपूर्वक वाचावीं.

काइझरहोफ हें बर्लिनमधील हॉटेल होतें. तेथें हिटलरचा मुक्काम असे. १ जानेवारी १९३२ ते १ मे १९३३ या काळांतील नोंदी पुस्तकांत आहेत. नोंदींचा लेखक एका विरोधी पक्षाचा प्रचारक आहे, आणि ग्रंथाचा प्रकाशनकर्ता मात्र राज्याचा प्रचारमंत्री आहे. माणूस एकच, पण दुसऱ्यास शेवट ठाऊक आहे. मूळ रोजनिशीच्या कांचेवर उतरविलेल्या प्रती १९९२ सालीं मॉस्को येथील दप्तरखान्यांत सांपडल्या व पुढें त्या छापून निघाल्या. त्यामुळें १९३४ चें पुस्तक हें मुळाबरहुकूम नसून प्रसिद्धीसाठीं संस्कार केलेलें आहे, याविषयीं आज शंका उरलेली नाहीं.

आतां प्रसंग पाहूं. लिप्पे हें वायव्य जर्मनींतील एक चिमुकलें राज्य. १९१८ पर्यंत तेथें राजा होता. नंतर तें प्रजासत्ताक झालें. लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास, राजधानी डेटमोल्ड. शेती करणारे, आणि हंगामांत परमुलखीं जाऊन विटा पाडणारे असे तेथील लोक. या राज्याच्या विधिमंडळाची, म्हणजे लांडटागची, निवडणूक १५ जानेवारी १९३३ रोजीं होती. एरवीं तिची वार्ता बाहेर गेलीहि नसती. परंतु नोव्हेंबर १९३२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत हिटलरच्या पक्षाचीं मतें घटलीं होतीं, ८ डिसेंबर रोजीं ग्रेगोर स्ट्रासर यानें पक्षांतील अधिकारपदें सोडलीं होतीं, आणि खजिना रिता झाला होता. म्हणून पक्षाची सारी शक्ति या कोपऱ्यांत ओतण्यांत आली. हिटलर ग्रेव्हेनबुर्ग येथील एका सरदाराच्या गढींत राहिला आणि त्यानें थोड्या दिवसांत सोळा सभांतून भाषणें केलीं. मोठें सभागृह नसेल तेथें तंबू ठोकण्यांत आले.

निकालाचे आकडे असे. हिटलरच्या पक्षास ३९,०६४ मतें, म्हणजे ३९.५ टक्के, आणि २१ पैकीं ९ जागा. नोव्हेंबरमध्यें त्यास तेथें ३३,०३८ मतें होतीं; म्हणजे सहा हजारांची भर पडली. परंतु जुलै १९३२ मध्यें त्याच मुलखांत त्यास ४२ हजारांवर मतें मिळालीं होतीं! एवढा आटापिटा करूनहि जुलैची पातळी गांठतां आली नाहीं. दहांपैकीं सहा मतें इतरांच्या पेटींत पडलीं, आणि समाजवादी पक्षाचीं मतें तर नोव्हेंबरपेक्षां वाढलीं.

ग्रंथांत हा निकाल विजय म्हणून येतो. तो खरा वाटावा अशी योजना आधींच झालेली आहे. डिसेंबरच्या नोंदींत पैशाची टंचाई, मित्राचा द्रोह, मनाचा खचलेपणा हें सारें गडद रंगांत येतें. आणि त्या काळोखावर लिप्पेची पहाट उगवते. रचनेचें कसब येथें आहे, हें नाकारतां येणार नाहीं. पण वाचकानें डिसेंबर लक्षांत ठेवावा आणि जुलै विसरावा, एवढ्यावरच तें उभें आहे. आपल्या बखरकारांनींहि धन्याचा पराभव झांकला आणि विजय फुगविला; परंतु बखर स्वतःस बखर म्हणविते. येथें बखरीनें रोजनिशीचा अंगरखा घातला आहे, हा आमचा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या पानांत सभा आहेत, प्रवास आहे, टाळ्या आहेत. श्रोते आहेत, परंतु मतदार नाहींत. ज्या वीटकाऱ्यानें किंवा शेतकऱ्यानें मत दिलें, त्याचें मन कां वळलें अथवा कां वळलें नाहीं, याची विचारपूस कोठेंहि नाहीं. माणसें गर्दी म्हणून येतात आणि आंकडा होऊन जातात. ज्या लेखकाला माणूस दिसत नाहीं, त्याच्या हातून माणसांचा इतिहास कसा लिहिला जावा?

मात्र उलट बाजूची चूकहि सांगितली पाहिजे. बर्लिनमधील उदारमतवादी पत्रांनीं या ‘विजयाची’ थट्टा केली. त्यांचें गणित बरोबर होतें. पण गणितापलीकडे काय चाललें होतें तें त्यांना उमगलें नाहीं. प्रचार सुरू होण्याच्या दिवशींच, ४ जानेवारीस, कोलोन येथें एका पेढीवाल्याच्या घरीं हिटलर व फॉन पापेन यांची भेट झाली होती. लिप्पेचा गाजावाजा त्या वाटाघाटींत वजन म्हणून वापरतां आला. चान्सलरपदाची मागणी सैल करण्याचें कारण हिटलरला उरलें नाहीं. १६ जानेवारीस वायमार येथें पक्षाच्या प्रांतप्रमुखांपुढें त्यानें स्ट्रासरचा निकाल लावला. २८ रोजीं चान्सलर श्लायखर यानें राजीनामा दिला. आणि ३० जानेवारीस हिटलर अधिकारारूढ झाला. ती सत्ता मतपेटींतून निघाली नाहीं. मूठभर मुत्सद्द्यांच्या आणि वृद्ध हिंडेनबुर्गच्या संमतीनें ती देण्यांत आली. तरीहि लोकांनींच कौल दिला हा आभास हवा होता. तो लिप्पेनें पुरविला, आणि पुस्तकानें पक्का केला.

हा ग्रंथ टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. प्रचारक आपलें काम कसें करतो हें समजण्यास याहून उघडा दस्तऐवज विरळा. तो वाचतांना लिप्पेच्या तीन निवडणुकांचे आंकडे जवळ लिहून ठेवावे, म्हणजे झालें. पुढें १९४७ सालीं लिप्पे राज्य म्हणून संपलें व शेजारच्या प्रांतांत विलीन झालें. पण १५ जानेवारीस प्रलोभन, गोंगाट व झेंडे यांना न जुमानतां ज्या बहुसंख्य लोकांनीं आपलें मत अन्यत्र टाकलें, त्यांची नोंद कोणी तरी ठेवावयास हवी होती. ती या रोजनिशींत नाहीं, ही तिची मोठीच उणीव होय.